कापसाची वस्त्रमाळ

ता. २ डिसेंबर १९३४, रविवार

आणि वर बायको म्हणते मी घरून पळून आलो! पळून काऊन येईन? दर महिन्याले पाच रुपये कोण धाडते मग?

दिवाळीले दोन दिवस घरी गेलो तर काय मिळालं — गोदी मले पाहून कणगीमागे लपली. उचलायले गेलो तर अशी किंचाळली की शेजारच्या बाया धावत आल्या. सख्खी पोरगी, चार वर्षांची! आणि कौशल्या, माझी बायको, माझ्या बाजूनं बोलायचं सोडून म्हणते, "तिले तुमचं तोंड ठावं नाही. लेकरू पैसे नाही ओळखत, माणूस ओळखते."

मी म्हटलं, मग थोरल्या भावाच्या, इंद्रभानदादाच्या मागं मागं वखर हाकू का जन्मभर? माझा पाय एका जागी ठरत नाही हे लग्नाआधीच सांगितलं होतं. खामगाव झालं, मूर्तिजापूर झालं, आता नांदुऱ्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची ओझी वाहतो. आमचं गाव तिकडे धाडजवळ, घाटावर. दोन दिवसांची वाट. रोज थोडंच जाता येते?

तिनं गोदीले कडेवर घेतलं आणि आत गेली. तेच जास्त लागलं.

ता. ५

थंडी. रुई नाकात बसते, जेवणात बसते.

ता. ९, रविवार

आज सुट्टी. अन्नपूर्णाकाकूच्या घरामागची खोली मी भाड्यानं घेतली आहे. त्यांची दोन नातवंडं — वासंती सात वर्षांची, सुधाकर पाचाचा. दोघं अंगणात उन्हाले बसून भांडत होती. रस्त्यानं कडब्याची गाडी गेली, तिच्यातले ज्वारीचे तीन-चार वाळले धांडे पडले होते. उचलून आणले आणि त्यांच्यापाशी बसलो.

धांड्याची साल नखानं सोलली. आतला भेंडाचा गाभा पांढरा, मऊ, काटा टोचला तरी जाते. सालीची पट्टी गोल वाकवून दोन्ही टोकं गाभ्यात खुपसली की चाक. दोन चाकं, मधात आस, वर बसायचा साटा. गाडी झाली! मग गाभ्याचे दोन बैल, सालीचे पाय, सालीची शिंगं. हात विसरले नव्हते. पंधरा वर्षांत केलं नव्हतं.

सुधाकरनं बैल डोळ्यांपाशी धरला. "तुळशीदादा, याला दिसत नाही."

खरंच डोळे नव्हते. माझ्या धोतराले जिनातल्या सरक्या चिकटलेल्या असतातच, त्यातल्या दोन काढून खुपसल्या. पोरगं हसलं ते हसलंच! मग त्याले सोताले साल सोलायची होती. सालीची धार लागून बोट कापलं. हळद भरली. रडला नाही — मी पाहतो का हे पाहत होता.

पुढच्या वेळी आधी मोठ्यानं सोलून द्यावी, कडा नखानं मोडाव्या. लहान्याच्या हाती नुसता गाभा द्यावा.

ता. ११

गोदी डावरी आहे का उजवी? मले ठावं नाही.

ता. १६, रविवार

काकू देवाची वस्त्रं करत होत्या, पोरं दोन बाजूले. मी उंबऱ्यापाशी उभा. म्हणाल्या, "उभे काय, कापसाच्या जिनात असता ना? बसा. वाया नाही जाणार शिकलेलं."

फार सोपं आहे. कापसातली सरकी काढायची, बोटानं पिंजून लांब पट्टी करायची. बोटाले जरासं दूध लावून थोड्या थोड्या अंतरावर पीळ द्यायचा, की मण्यांसारखे फुगे राहतात. फुग्याफुग्यावर कुंकवाचं बोट. झाली माळ. वासंतीची सरळ आली, सुधाकरची सापासारखी, माझी मधातच तुटली.

"एवढा मोठा हात आणि एवढंसं नाही जमत!" वासंती म्हणते.

दुसरी जमली. गोदीले हे जमेल. हे ती घरीच करू शकते, मी नसतानाही.

ता. १७

जिनातून निघताना वामनराव मुकादमानं खिसा चाचपला. "काऊन बे तुळशीराम, कापूस घेऊन चालला?"

म्हटलं, झाडलोटीतला आहे, पोरीले धाडायचा आहे. वस्त्रं करायले शिकवतो तिले.

"तू? वस्त्रं?" सगळ्यांना हाक मारली त्यानं. "या रे, पाहा! आमच्या तुळशाबाईले हळदी-कुंकवाले बोलवा!"

हसले सारे. मीही हसलो. पण कापूस नेऊ दिला. उलट चांगला पांढरा मूठभर घातला वरून.

ता. १८

पत्र धाडलं, कापूस पुडीत बांधून. दोन पानं झाली, एवढं कधीच लिहिलं नव्हतं. कसं पिंजायचं, कुठं पीळ द्यायचा, सारं. गावातले रामराव मास्तर कौशल्याले वाचून दाखवतील. शेवटी लिहिलं — गोदीले माझी तसबीर दाखव आणि हे बापानं धाडलं म्हणून सांग.

तसबीर दिवाळीच्या आधी इथंच काढली होती, फेटा बांधून. काच-चौकट करून नेली. आईनं ती देव्हाऱ्यावर टांगली. घरात खिळा तेवढा एकच होता.

ता. २६

पत्र नाही.

ता. ६ जानेवारी, रविवार

पोरांसोबत संक्रांतीची सुगडं रंगवली. गेरूचा हात दिला, वाळल्यावर चुन्याचे ठिपके. सुधाकरनं सुगडापेक्षा मले जास्त रंगवलं.

काकूनं विचारलं, "मुलीचं बोरन्हाण केलंत कधी?"

म्हटलं, केलं असेल घरच्यांनी.

"तुम्ही होतात का?"

नव्हतो. चार संक्रांती गेल्या. "पाच वर्षांपर्यंतच करतात हो," काकू म्हणाल्या आणि पुन्हा सुगडाकडे वळल्या.

ता. ८

पत्र आलं. मास्तरांचं अक्षर, पण बोलणं कौशल्याचं. चार वेळा वाचलं.

गोदीनं माळ केली. एकटीनं. अकरा मणी. डाव्या हातानं पीळ देते म्हणे. मग धान्याच्या कोठीवर चढली आणि माळ माझ्या तसबिरीले घातली. काचेवर कुंकू लावलं. आणि हात जोडून उभी राह्यली.

माझ्या आईनं पाहिलं तशी ओरडली — जित्या माणसाच्या तसबिरीले माळ घालतं का कारटे! थापड मारली, माळ ओढून फेकली. पोरगी दिवसभर रडली.

रात्री कौशल्यानं जवळ घेऊन विचारलं, काऊन घातली बाई?

तर म्हणे, "तो देव हाय ना. नांदुऱ्याले राह्यते. पैसे धाडते."

खाली कौशल्यानं आपलं एकच वाक्य घातलं आहे. "आता तिले काय सांगू ते तुम्हीच सांगा."

ता. ९

मुकादमाले सुट्टी मागितली. "भर हंगामात? गेला तर पंधरवड्याची मजुरी गेली, जागाही गेली. पाहून घे."

पाहून घेतो म्हटलं.

पाय घरी ठरेल का, ठावं नाही. कागदाशी खोटं कशाले बोलू. पण एवढं ठरवलं — तिच्याजवळ जायचं नाही, हाक मारायची नाही. अंगणात पाठ करून बसायचं आणि गाडी करायची. लपली तर लपू दे. बैल झाले की डोळे लावायचे नाहीत. सरक्या बाजूले ठेवायच्या, हात पुरेल अशा. तिनं येऊन लावले तर लावले.

आणि आधी तसबीर खाली उतरवायची.

ता. ११, पहाट

रोहिणखेडपर्यंत कडब्याची गाडी मिळाली, पुढं घाट पायी. पिशवीत धांडे आठ, सरकी मूठभर, काकूनं बोरन्हाणाले दिलेली बोरं. मनीआर्डरीचा फारम भरून ठेवला होता, तो चुलीत घातला.

या महिन्यात घरी धाडले — रुपये शून्य.