गेट उघडलं नाही तर

१२ मार्च १९८७, गुरुवार. संध्याकाळचे पावणेआठ. क्लासचा गृहपाठ काढून बसलो आहे.

दादरच्या कॉम्प्युटर क्लासात आज 'जर-तर' आणि लूप शिकवलं. घरातलं उदाहरण घ्या, सर म्हणाले. मला बाबाच सुचले. रोज सकाळी मिलच्या गेटवर जा. गेट उघडं असेल तर कामाला लाग, नसेल तर घरी परत ये, आणि उद्या पुन्हा पहिल्या ओळीपासून. संपाला पाच वर्षं झाली, बाबा अजून हेच करतात. मी मात्र 'एक माणूस' एवढंच लिहिलं.

प्रोग्राम चालवला. पडद्यावर 'घरी परत', 'घरी परत' एकाखाली एक येत राहिलं, थांबेचना. मागच्या बाकावरचा दिलीप म्हणाला, "अरे, सांगा रे त्याला कोणीतरी, गेट भंगारात गेलं म्हणून." सगळे हसले. मीही हसलो. का हसलो? कोणी जबरदस्ती केली नव्हती.

सर म्हणाले, "उदाहरण चांगलं आहे, पण बाहेर पडायची अट राहिली. किती दिवसांनी हा माणूस जाणं सोडेल, तो आकडा उद्या घालून आण."

आकड्याची जागा कोरी आहे. समोर बाबा उद्याचा सदरा घडी करून गादीखाली ठेवतायत. आणि मी हसलो होतो.

"कुठे अडलास रे?" त्यांनी आत्ताच विचारलं.

"एक आकडा घालायचाय."

"मग मोठा घाल. कमी पडायला नको."

मी मान खाली घालूनच हो म्हटलं.