सखूबाईचं पोतं

दारव्हा, बाजाराचा दिवस, १९५९

अंगावरचा काटा अजून गेला नाही. बदलीच्या गावात मी एकटी मास्तरीण. तंबूतल्या सिनेमाला गेले, बायकांच्या बाजूला अंथरलेलं एक रिकामं पोतं दिसलं, त्यावर बसले.

"उठा बाई, ते सखूबाईचं हाय," म्हणत शेजारणीनं मला आपल्या पोत्यावर घेतलं. सखूबाई दोन वर्षांपूर्वीच वारली म्हणे! तरी नवरा दर खेळाला तिचं पोतं अंथरतो आणि कनातीपलीकडे पुरुषांत बसतो.

सिनेमातला एकटा म्हातारा शेळीशी बोलायचा. शेवटी गावानं शेळीलाही पंगतीत पाट मांडला. तंबू पोट धरून हसला.

तेवढ्यात कनातीपलीकडून हाक आली, "सखू, दिसून राह्यलं ना तुले?"

कोणी म्हणजे कोणी हसलं नाही. शेजारीण कुजबुजली, "दर खेपेला आमच्यातली एक सांगते. आज तुमी सांगा."

मी सांगितलं, "हो जी, दिसून राह्यलं."