लघवीतल्या वाऱ्याचा पंचनामा

तामसी, बुधवार

आदरणीय वडील बंधू डोमाजीदादा यांस,

धाकट्या खुशालचा सविनय जयभीम. वहिनीचे गुडघे कसे हायेत? तुमचं बीपी? सहा वर्षांत आपण पत्र तं सोडा, बसस्टँडवर एकमेकाकडे पाह्यलंही नाई, म्हणून सगळं एकदमच इचारून राह्यलो. आमचं इकडे झकास हाय. मागणं काई नाई, सहज लिहून राह्यलो.

झकास म्हणजे असं. प्रोस्टेटच्या गाठीचं ऑपरेशन झालं अन् मले लघवीतून वारा सुटू लागला. (हसू नका. रुख्मिणी बायको असून आधी हसली, मंग रडली.) बुडबुडे, फुसफुस, वरून ताप. चार महिने मी कोणाले बोललो नाई. शेवटी आदिलाबादले पूनम डॉक्टरीणबाईकडे गेलो. पोरीच्या वयाची बाई, तिले काय सांगू अन् कसं सांगू! ती म्हणे, काका, आठ दिवस वारा कधी कधी येते ते लिहून आणा.

आता मी तहसीलात चौतीस वर्षं गिर्दावर, जमिनीचे पंचनामे करून केस पिकले. दोन पंचांच्या दस्तखतीशिवाय पडलेलं झाडही कधी कागदावर घेतलं नाई. सहा वर्षांमागं तुमच्या शेताची गाडीवाट सरकारी नक्शात नाई म्हणून मी काट्यानं बंद केली, तवाही पंच दोन होते, हे तुमाले काय सांगू. तं रोज सकाळी महिपत अन् लखन या शेजाऱ्यांले संडासाच्या दाराबाहेर उभं केलं. मौक्यावर हजर, आवाज ऐकला, वेळ सहा वाजून दहा मिनिटं, दस्तखत. लखन कानानं कमी. त्यानं तीन दिवस "ऐकू आला नाई" असा शेरा मारला, तोही मी खोडला नाई. चार महिने लपवलेली गोष्ट आठ दिवसांत अख्ख्या तामसीले पाठ झाली. हाटेलात लोक चहा पाजून इचारतात, "गिर्दावर सारू, आज किती वाजता?"

डॉक्टरीणबाई पंचनामा वाचून टेबलाखाली वाकून हसली. मंग लघवीच्या पिशवीत निळं औषध भरलं अन् मागच्या वाटेत कापसाचा बोळा ठेवला. बोळा निळा निघाला! म्हणजे लघवीची पिशवी अन् संडासाची वाट यांच्या मधात चोरवाट पडली. तिनं नक्शा काढून दाखवला. मी म्हटलं, बाई, यात उत्तर दिशा कुठं हाय? तिनं कोपऱ्यात बाण काढून दिला.

खालची जागा कोरडी राहावी म्हणून पोटाले भोक पाडून संडासाची पिशवी बांधली. ती विहारात वंदना चालू असतानाच बोलते. (मी खोकतो. आता मी नुसता खोकलो तरी लोक हसतात.) तीन महिने झाले. पुढच्या सोमवारी खरं ऑपरेशन. चोरवाटेची दोन्हीकडची भोकं शिवायची, मधात मांडीच्या मांसाचा पट्टा घालायचा, वाट बंद. सगळं भरून आलं की पोटावरची पिशवीही निघते म्हणे. मले भेव अजिबात नाई.

तुमचा धाकटा,
खुशाल

ता. क. भेव वाटून राह्यलं, दादा. लय.

ता. क. दुसरा. ऑपरेशनच्या कागदावर रुख्मिणी दस्तखत करते. दवाखान्याचं एकावर भागते, माझं भागत नाई. दुसरे पंच तुमी. सोमवारी सकाळी आठले दवाखान्यात या.

ता. क. तिसरा. काल तुमच्या गाडीवाटेवरचे काटे मी माझ्या हातानं काढले. रुख्मिणी पिशवीच्या काळजीनं ओरडत होती. पंचनामा केला नाई.