छावणी कोणाची

प्रिय राधाकिशन,

सुखरूप असशील. पाहणीच्या दिवशी गाडीत बसताना तू मागे वळून पाहिलं नाहीस, म्हणून तुझी खुशाली विचारायचं तेव्हा राहून गेलं.

दुष्काळाच्या पाहणीला केंद्राचं पथक येणार आणि त्यात तू असणार, हे कळल्यापासून आबा गावभर सांगत होते, "आता दिल्ली आपल्या घरातलीच हाय." त्या दिवशी धुतलेला पटका बांधून ते जनावरांच्या छावणीच्या तोंडाशी उभे होते. आमच्या महिला दूध संस्थेनं ती छावणी कशी उभी केली, मी अध्यक्ष म्हणून किती उंबरठे झिजवले, तुला फोनवर सगळं सांगितलेलं. तू साहेबांच्या घोळक्यातून आलास आणि मला हिंदीत विचारलंस, "आपका नाम?" मी नाव सांगितलं. तू मान हलवून पुढे गेलास. संध्याकाळी आबा म्हणाले, "लेकरू कामात होतं. बोलता येत न्हाई त्याला." नातं उघड झालं तर अहवालावर संशय येईल, असं मीही मनाला समजावलं.

मग अहवाल आला. आपल्या तालुक्यातला दुष्काळ गंभीर नाही, मध्यम. म्हणजे छावणीला केंद्राची मदत नाही. बीडला जिल्हा कचेरीत गेले, तर तिथले साहेब म्हणाले, "दुष्काळ आम्ही जाहीर केला बाई, पण निधी दिल्लीचा." मुंबईत मंत्र्यांच्या माणसानं चहा पाजला आणि दिल्ली राज्यांचे अधिकार कशी गिळते ते समजावलं. विधानसभेत त्यावर मोठं भाषणही झालं. तुला फोन केला, तर तू शांतपणे म्हणालास, "अक्का, दुष्काळ हा राज्याचा विषय आहे. त्यांनी आपल्या तिजोरीतून चालवावी छावणी." तुम्ही सगळे कायद्याचंच बोलत होतात. वैरण मात्र कुणीच पाठवली नाही.

छावणी मोडली. केसरबाई तुला आठवत असेल, आपल्या शेजारची. संस्थेनं दोन म्हशी मिळवून दिल्यापासून तिनं ऊसतोडीला जाणं सोडलं होतं. दोन्ही म्हशी मिळेल त्या भावानं बाजारात गेल्या आणि ती पुन्हा मुकादमाच्या ट्रकमध्ये चढली. दहावीतली पोरगी सोबत नेली. मी अडवायला गेले तर म्हणाली, "तुमी तरी काय करताल, अक्का?" तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. संस्थेच्या दूध संकलन केंद्राला आता कुलूप आहे. बायका रस्त्यात दिसल्या की मान खाली घालतात, जणू चूक त्यांचीच.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. संस्थेनं औरंगाबादच्या खंडपीठात याचिका केली आहे. प्रतिवादी दोन्ही सरकारं. आपसात भांडायचं ते त्यांनी न्यायाधीशांसमोर भांडावं. पथकाच्या अहवालालाही आम्ही आव्हान दिलंय आणि त्यावर तुझी सही आहे. वकील म्हणतात, उत्तर तुलाच द्यावं लागेल. नोटीस हातात पडण्याआधी तुला हे बहिणीकडून कळावं, एवढंच. याचिकेवर पहिली सही माझी आहे. दुसरी, छावणीत जनावरं बांधणारा शेतकरी म्हणून, आबांची. पेन हातात धरून त्यांनी विचारलं, "पोराची नोकरी जाईल का गं?" मी म्हणाले, माहीत नाही. मग त्यांनी सही केली.

तुझीच,
सत्यभामाअक्का