काळ्या जागेतला हात

सोमवार, ३ नोव्हेंबर
वसईत आले, नोकरीवर रुजू झाले आणि रात्री ताटात बोंबलाचं कालवण! उमेळ्यात क्लेमेंटीन आंटींकडे खोली मिळालीय. पुढे केळीची वाडी, मागे नवी बिल्डिंग. एकट्याच राहतात, मला लगेच ‘बाय’ म्हणू लागल्या. एमआरआय सेंटरमध्ये स्तनांच्या तपासण्या माझ्याकडे. बाईला पालथं झोपवायचं आणि दोन्ही स्तन खालच्या पोकळीत नीट बसवायचे. ते मी माझ्याच हातांनी करते. डाव्या हाताची वाकडी करंगळी बघून बायका हसतात, तेवढंच त्यांना हलकं वाटतं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
आगाशीच्या हंसाताईंच्या चित्रात भूत निघालं. म्हणजे खोटी सावली, आमच्या कामात तिला भूतच म्हणतात. हृदय धडधडतं, त्याची सावली स्तनावर पडते. मशीनला चित्र घ्यायची दिशा बदलून दिली की ती बाजूला सरकते. ही सरकेना. स्तनाखाली नुसती हवा, तिथे चित्र काळंच यायला हवं, आणि तिथे चक्क हात. त्यांचाच हात चित्रात आला असेल म्हणून दोन्ही हात डोक्यावर घ्यायला लावले. तरी तो तिथेच, एक बोट स्तनाला टेकलेलं. डॉक्टर श्रीरंग म्हणाले, बाकी सगळं स्वच्छ आहे, मशीन तपासून घेऊ आणि पुढच्या आठवड्यात परत काढू.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
मशीन दुरुस्तीवाल्यांनी तपासलं, काही दोष नाही. हंसाताईंना परत झोपवलं. हात पुन्हा आलाच. मागच्या वेळी बोट टेकलं होतं, बरोबर तिथे आता गाठ आहे. आज शेजारचं बोट टेकलंय.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
आणखी दोघींच्या चित्रांत तोच हात. मोठा करून पाहिला. करंगळी वाकडी.
माझा हात आहे तो. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, दोन दिवस सुट्टी घे.
आणि रात्री आंटींनी हळूच सांगितलं, त्यांच्या मॅमोग्राफीत काहीतरी शंका आलीय, शुक्रवारी एमआरआय. तू आहेस ना बाय, मग मला परक्या हाताची भीती नाही, म्हणाल्या. मी ताटावरून उठले.

बुधवार, १९ नोव्हेंबर
नर्स लूर्डसच्या पाया पडले, आंटींना तूच बसव. हो म्हणाली. घरी मी आंटींच्या जवळही जात नाही. रुसलीस का, विचारतात. काय सांगू त्यांना?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
आंटी आत आहेत. लूर्डसने बसवलं. मी काचेमागे लिहीत बसलेय, जागेवरून उठायचं नाही म्हणून.

चित्र आलं. खाली सगळं काळं. हात नाही! गाठही नाही! देवा, वाचली माझी आंटी—

बाहेर आल्या. रडतायत, हसतायत. माझ्याकडेच येतायत—

डावा हात धरला. सोडत नाहीत— छातीशी घट्ट दाबलाय, म्हणतायत, बघ बाय, अजून किती धडधडतंय—

समोर पडद्यावर आंटींचं चित्र— त्या काळ्यात— करंग