बाबांना दिसणारी फुलं

आई,

बाबांनी चोरी केली. फुलांची, भल्या सकाळी, आणि तीही जर्मनीत. तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना म्हणून लिहायला बसले आहे. तू जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण असलं काही घडलं की सांगायला मला अजून तूच लागतेस. तुझा जावई ऐकून नुसता हसतो आणि चहा प्यायला जातो.

आपले गुरुजी आठवतात ना तुला? साखर कारखान्याच्या कॉलनीत सगळ्यांना शिस्त लावणारे मुख्याध्यापक, आणि सकाळी छत्रीच्या मुठीनं फांदी खाली ओढून तुझी जास्वंद पिशवीत घालणारे. क्वार्टरपुढचा तो चिंचोळा पट्टा तुझा जीव की प्राण. जास्वंद, कर्दळ, झेंडू, सगळं लालभडक नाहीतर पिवळंधमक. एक दिवस तू काठी घेऊन दाराआड उभी राहिलीस आणि त्यांना रंगेहाथ पकडलंस. म्हणालीस, "गुरुजी, देवाला चोरीची फुलं चालत असतील, मला चालत नाहीत." मी खिडकीत, तोंडात टूथब्रश. बाबा आतून पेपरामागून म्हणतायत, "अगं, देवालाच जातात ना, जाऊ दे की." त्यावर तू त्यांच्याकडे जे बघितलंस, ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. त्या दिवशी बाबांना चहा जरा उशिराच मिळाला.

आणि ते माझं रोप. पुण्याला इंजिनिअरिंगला होते, दिवाळीला घरी येताना तुझ्यासाठी नर्सरीतून एक फिकट जांभळ्या फुलांचं रोप घेतलं आणि एसटीत सबंध रस्ताभर मांडीवर धरून आणलं. मला वाटलं तू हरखून जाशील. तू ते उलटसुलट करून बघितलंस आणि म्हणालीस, "हे फूल आहे का फुलाची सावली? देवाला दिसायला नको का?" मी तोंड पाडून बसले. तुला सौंदर्यदृष्टी म्हणून नाही, असं मैत्रिणीला पत्रात लिहिलंसुद्धा. तू मात्र ते रोप कर्दळीच्या पुढे लावलंस आणि रोज पाणी घातलंस. मला ते फार लागलं होतं, पण तेवढंच.

आता बाबांचं सांगते. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला मधोमध डाग पडलेत. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, कडेकडेचं दिसतं, म्हणून मान वाकडी करून बघतात. सांगलीच्या फ्लॅटमध्ये त्यांनी खाली उतरणंच बंद केलं होतं. फोनवर विचारलं तर म्हणायचे, "बघण्यासारखं आहे काय?" डॉक्टर म्हणाले की कडेची नजर राहील, पण मधली परत येणार नाही. मग मी तीन महिन्यांचा व्हिसा काढून त्यांना इकडे आणायचं ठरवलं. आम्ही झिंडेलफिंगेनजवळ एका गावात राहतो, मी तिथे गाड्यांचे दरवाजे डिझाइन करते, आणि घरामागे कुंपणालगत जमिनीचा एक लांब पट्टा आहे. मागच्या बाजूला आधीच्या मालकांची गुलाबाची आणि हायड्रेंजाची झुडपं आहेत. पुढची जागा मोकळी होती. मला एवढंच हवं होतं की बाबांनी इथे खुर्ची टाकून बसावं, काहीतरी बघावं, आणि उद्याही बघावंसं त्यांना वाटावं.

तुझ्या वेळी बाग म्हणजे बारा महिने काहीतरी असायचंच. इथे तसं नाही. मे संपता संपता ट्युलिप झडून जातात, गुलाब अजून मुठी मिटून असतात, आणि मधले दोन-तीन आठवडे पट्टा नुसता हिरवा. ते भरून काढायला श्टाउडे लागतात. म्हणजे अशी झाडं जी थंडीत पार मातीआड जातात, गेलीच म्हणून तू उपटून फेकली असतीस, आणि वसंतात मुळातून पुन्हा वर येतात. मागच्या शरदात मी रोपवाटिकेत अर्धा शनिवार घालवला. गाड्यांच्या रंगांचे नमुने लावतो तसे कुंड्या एकमेकींशेजारी लावून बघितल्या. निळा साल्विया, जांभळट कात्सेनमिंत्से, गडद निळा रिटरश्पोर्न, खाली निळसर जिरेनियम. सगळं कसं एका सुरातलं. तू असतीस तर नाक मुरडलं असतंस, हे तेव्हाही मनात आलं होतं.

मेअखेरीस सगळं फुललं. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. मी बाबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि वाट बघत राहिले. त्यांनी मान या बाजूला केली, त्या बाजूला केली, आणि सौजन्यानं म्हणाले, "अजून काही लागलेलं दिसत नाही. थंडी असेल." मागच्या गर्द कुंपणात आणि काळ्या मातीत तो निळा त्यांच्यासाठी विरघळून गेला होता. मी म्हटलं, "हो बाबा, थंडीच आहे." आत जाऊन भांडी घासली. रडले, लपवत नाही तुझ्यापासून. त्याच संध्याकाळी ते म्हणाले, "माझं तिकीट जरा अलीकडचं मिळतं का बघ. तुम्हाला उगीच अडकून पडायला होतं."

आणि मग तो रविवार. उठले तर बाबा खोलीत नाहीत. चपला नाहीत, काठी नाही. मी गाऊनवरच रस्त्यावर धावले. कोपऱ्यावरून बाबा येतायत, सावकाश, भाजीची कापडी पिशवी छातीशी धरून. माझी लेक, जिला मराठी सगळं कळतं पण बोलते जर्मनमध्ये, वरच्या खिडकीतून म्हणाली, "मामा, ओपा क्लाउट ब्लूमेन." म्हणजे आई, आजोबा फुलं चोरतायत. बाबांना ते कळलं नाही. मला म्हणाले, "अगं, आज अंगारकी आहे, देवाला फूल नको? कुंपणाबाहेर आलेलीच घेतली. आतली नाही घेतली मी."

अंगारकी मंगळवारी असते हे मी त्यांना सांगितलं नाही. पिशवी ओट्यावर उपडी केली. पांढऱ्या मार्गेरिटे, पिवळ्या टागलिली, नारिंगी नेल्केनवुर्त्स, आणि मोन, म्हणजे आपल्या खसखशीच्या जातीतलं तळहाताएवढं लाल फूल. निळं एकही नाही. सबंध गल्लीतून हा माणूस वाकड्या मानेनं फिरला होता आणि त्याला जे दिसलं ते घेऊन आला होता. आई, त्यांना दिसत होतं. मी त्यांच्यासमोर भलतंच लावून ठेवलं होतं.

बेल वाजली. पलीकडच्या बाई, ऐंशीच्या घरातल्या, पाठ ताठ, रबरी बूट. "आल्झो, तर मग," म्हणाल्या, "माझ्या मोनचे तीन देठ मुळाशी ओरबाडलेत." मी माफी मागायला तोंड उघडते तोवर बाबा पुढे आले आणि इंग्रजीत म्हणाले, "फॉर गॉड, मॅडम. ओन्ली फॉर गॉड." मग बाईंना देव बघायचा होता. स्वयंपाकघरातल्या फळीवर गणपती लाल पाकळ्यांमागे जवळजवळ दिसेनासा झाला होता, आणि शेजारी तुझा फोटो, त्यालाही एक मोन. बाई फळीजवळ वाकल्या. फोटोतली कोण हे त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाल्या, "गेनाऊ, बरोबर आहे. फुलं घेऊ देत. पण ओढून नाही, कात्रीनं." दुसऱ्या दिवशी स्वतःची जुनी कात्री बाबांसाठी घेऊन आल्या, तेल घालून.

आता बाबा रोज सकाळी परवानगीनं चोरी करतात. आमची संध्याकाळ पट्ट्यात जाते. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही हा तुझा नियम मी पाळते, पण इथे जूनमध्ये उजेड साडेनऊपर्यंत हलत नाही, तेव्हा तुझ्या नियमातच भरपूर काम होतं. नारिंगी नेल्केनवुर्त्सच्या कुंड्या आणून साल्वियाच्या मधेमधे लावल्या. शेजारीच नारिंगी आल्यावर तो निळाही बाबांना थोडा थोडा दिसायला लागला, असं ते म्हणतात. मोनला मुळापासून हलवलेलं आवडत नाही म्हणून त्याचं रोप रोपवाटिकेतूनच घेणार आहे. टागलिलीचं बहरून गेलेलं झुडूप बाईंनी फावड्यानं उभं चिरलं आणि अर्धा गड्डा बाबांच्या हातात दिला. बाबांनी गुडघे टेकून तो लावला, माती हातानं दाबली. मग विचारलं, "फुलं कधी?"

मी म्हटलं, "या वर्षी नाही बाबा. आता पुढच्या वर्षी, मेअखेरीस."

त्यांनी गड्ड्याभोवतीची माती आणखी एकदा दाबली. मग म्हणाले, "मग पुढच्या खेपेला एप्रिलातच येतो. आणि ते तिकिटाचं राहू दे."

आई, पट्टा आता भडक दिसतो. निळ्यात नारिंगी, मधेच पांढरं, तू असतीस तर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली असतीस. मला तो आवडतो.

हे पत्र कुठे पाठवणार, फोटोमागे सरकवून ठेवीन. फक्त एक राहिलं. आज बाबांचा गुडघा दुखत होता, ते गेले नाहीत, आणि आमच्या टागलिलीला तर अजून वर्ष आहे. तेव्हा ऑफिसला निघताना कोपऱ्यावरच्या कुंपणाबाहेर आलेलं एक पिवळं फूल मी इकडेतिकडे बघून तोडलं, कात्रीशिवाय, आणि परत येऊन तुझ्या फोटोला वाहिलं. दाराआड काठी घेऊन कोणी उभं नव्हतं. मी वळून बघितलं होतं.