जिन्यातला खोकला

३ जुलै, गुरुवार
पाय मुरगळला म्हणून कंपनीतून चार दिवस सुट्टी. दुपारी साडेचारला जिन्यात खोकला ऐकला. दोनदा – मग थांबून एकदा. अण्णांचाच, माझ्या वडिलांचा. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. बदलापूरच्या या घरात ते कधी आलेही नव्हते.
माझा हात आपोआप रिमोटकडे गेला. पण टीव्ही आधीच बंद झाला होता – सुरुचीने केला. माझी सात वर्षांची पोर. तिने खडू गोळा केले, उशी सरळ केली, पुस्तक घेऊन भिंतीला टेकून बसली. पुस्तक उलटं.
दार उघडलं. जिना रिकामा.

४ जुलै
पुन्हा साडेचार. पुन्हा तसंच.
सुरुचीला विचारलं, "कोण आलं असं वाटलं तुला?"
"तुम्ही."
"मी तर इथे बसलोय ना."
"माहितीय," म्हणाली. "तरी."

५ जुलै
बायकोला, भावनाला, खोकल्याचं विचारलं. ती भाकरी थापत होती. वळली नाही. "चौथ्या मजल्यावर एक म्हातारे भाड्याने आलेत, ते खोकतात. तुम्ही पण दुसऱ्या मजल्यावर आलात की खोकता. रोज. मग आम्हाला कळतं."
काय कळतं, ते मी विचारलं नाही.
मी कधी हात उचललेला नाही. अण्णांनीही नव्हता उचलला. ताट सरकवायचे, आणि मग आठ आठ दिवस घरात कुणाचा आवाज नाही. मार्चमध्ये सुरुचीने माझ्या हेल्मेटला स्टिकर लावले, तेव्हा मी किती दिवस बोललो नव्हतो? भावना म्हणते, अकरा.

७ जुलै
आईकडे, जुन्या घरी गेलो. विचारलं, अण्णा बोळात शिरताना का खोकायचे?
"मीच सांगितलेलं. अचानक आत आले की तुझी दातखीळ बसायची. म्हटलं, खोकून येत जा, पोराला सावरायला वेळ मिळेल." मग म्हणाली, "माझं तेवढं एक ऐकलं त्यांनी. मरेपर्यंत."

८ जुलै
कामावरून येताना तोंडावर रुमाल धरून जिना चढलो. दार नुसतं लोटलेलं. आत सुरुची नाचत होती, भावना हसत होती. मी दिसलो आणि सुरुची तशीच थांबली, एक हात वर. तिच्या पायाखालची लादी ओली झाली.

९ जुलै
भावना सकाळी डबा देताना हळूच म्हणाली, "खोकून येत जा हो."
मी डबा पिशवीत टाकला आणि जिना उतरलो.

१३ जुलै, रविवार
सुरुचीला सांगितलं – मी लहान होतो ना, तेव्हा अण्णांना फार घाबरायचो.
तिने हातातला खडू खाली ठेवला. मग विचारलं, "तुम्ही कुठे लपायचात?"
"पाण्याच्या पिंपामागे."
तिने माझं बोट धरलं आणि तिची जागा दाखवायला घेऊन गेली.